जाळीची खोली

"तांब्याची बारीक जाळी आहे का? दोन फूट पुरे."

नवीन पनवेलच्या त्या दुकानात सरकत्या खिडक्या आणि डासांच्या जाळ्या बसवून मिळत. काच कापणाऱ्या भावेशने वर पाहिलं.

"तांब्याची? डास एवढे श्रीमंत झाले का, मॅडम?"

मनिषाला हसू आलं. "डासांसाठी नाही, रेडिओसाठी. मी कॉलेजात फिजिक्सचे प्रयोग घेते. चालू रेडिओ जाळीच्या पिंजऱ्यात ठेवला की गप्प होतो... ते मुलांना दाखवायचंय."

"आणि मोबाइल?"

"तोही. कुठे फट नसली तर."

भावेशने जाळी मापून कापली, गुंडाळी केली. पण ती तिच्या हातात दिली नाही.

"आणि मॅडम... घर गप्प करता येईल का?"

त्याची मस्करी संपली होती. त्याने थोडक्यात सांगितलं. घरासमोरच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला, आणि सहा महिन्यांत त्याच्या वडिलांच्या, आनंदांच्या डोक्यात गाठ निघाली. ते गेले. तेव्हापासून आई, हौसा, टॉवरच्या बाजूची खिडकी उघडू देत नव्हती. गणपतीपासून तर खोलीबाहेरही येत नव्हती. डोकं ठणकतं म्हणायची.

"टॉवरनेच झालं, असं मी म्हणू शकत नाही," मनिषा म्हणाली. "नाही झालं, असंही तुमच्या आईला पटवता येणार नाही. मोजून मात्र बघता येईल."

"मला फक्त तिला झोप लागायला हवीय," भावेश म्हणाला.

रविवारी ती कॉलेजचा मीटर घेऊन गेली. जुन्या गावठाणातलं बैठं घर, अंगणात शेवगा. तिने प्रत्येक खोलीत तीन-तीनदा मोजलं आणि आकडे वहीत उतरवले.

"एकदा मोजून भागत नाही?" त्याने विचारलं.

"एकदाचा आकडा मी धरत नाही. चुकून आलेला असू शकतो. तिन्ही वेळा तोच आला, तरच खरा."

"माणसांचंही असंच करता?"

"माणसं तीनदा तेच बोलत नाहीत."

सगळे आकडे ठरवलेल्या मर्यादेच्या पुष्कळ खाली होते. तिने ते हौसाला वाचून दाखवले. हौसाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पोरी, तुजं यंत्र खोटं नाय. पन आमचा मानूस गेला, ते पन खोटं नाय."

मनिषाने वही मिटली.

मग भावेश कामाला लागला. खिडक्यांना, भिंतींना, छताला त्याने बारीक जाळी लावली. दोन पट्ट्या एकमेकींवर चढवून वितळलेल्या कथलाचे डाग देऊन जोडायच्या, असं मनिषाने सांगितलं होतं. तो बोटभर अंतरावर एक असे डाग देत गेला, शिवणीच्या टाक्यांसारखे एका ओळीत. दुसऱ्या रविवारी तिने ती ओळ पाहिली आणि मीटर बाजूला ठेवून नुसतंच तिच्यावरून बोट फिरवलं. जाळीतून आलेल्या उन्हाच्या चौकटी तिच्या हातावर पडल्या होत्या. भावेश त्या चौकटी बघत राहिला आणि हातातली डाग द्यायची तापलेली सळई विसरला.

"भाजेल," ती म्हणाली.

"भाजलंच," तो म्हणाला, आणि बोट तोंडात घातलं.

तिसऱ्या रविवारी बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यात मीटरचा काटा हलला. मनिषा वाकली.

"ही फट मागच्या रविवारी नव्हती."

"...नसेल."

"डाग तापवून सोडवलाय कोणीतरी."

"कथील कधी कधी आपोआप—"

"आपोआप सुटत नाही."

भावेशचे कान लाल झाले. "आईच्या खोलीतला नाही सोडवला. फक्त इथला. म्हटलं, सगळंच नीट झालं, तर तुम्ही येणार कशाला..."

मनिषाने वहीत लिहिलं – 'फट. कारण समजले.' आणि ते त्याला दिसेल अशी वही धरली. मग ती आतल्या खोलीकडे वळली.

हौसाच्या खोलीतला शेवटचा डाग आदल्या दिवशीच पडला होता. हौसा पलंगावर मांडी घालून बसली होती. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा निवांत होता.

"बेस केलंस रं भावेश. आता मी हितून हलायची नाय. बापाचं वर्षश्राद्ध तुमीच करा अंगनात."

"आई, तू नाहीस तर श्राद्ध कसलं?" भावेशचा आवाज फाटला. वर्षश्राद्धाला आठ दिवस उरले होते. आईला बरं वाटून ती बाहेर येईल म्हणून तो धडपडला होता, आणि आपल्याच हातांनी त्याने पिंजरा बांधून दिला होता.

मनिषा मोजत होती. काटा तळाशी, अगदी स्थिर. पहिलं वाचन. दुसरं. तिसऱ्याला काटा उसळला. सगळ्या घरात आला नव्हता एवढा मोठा आकडा. मग पुन्हा शून्यावर. थोड्या वेळाने परत उसळी. ती मीटर फिरवत पलंगाच्या उशाशी आली.

"काकी, उशीखाली काय आहे?"

हौसाने उशीवर हात दाबला. मग हळूच एक काळा, बटणांचा फोन बाहेर काढला.

"बाबांचा?" भावेश थक्क झाला. "हा अजून चालू आहे?"

"रोज चार्जिंगला लावते. लाइफटाइमचं कार्ड हाय, यांनीच घेतलेलं." तिची नजर मीटरवर गेली. "म्हंजे... मला तरास यांचाच?"

मनिषाने काट्याकडे पाहिलं. हो म्हणावं, तर हिच्या हातातली शेवटची वस्तू जाईल. काही नाही म्हणावं, तर आकडा लपवावा लागेल. ती हौसाजवळ खाली बसली.

"त्रासाचं मला सांगता येत नाही काकी, मी डॉक्टर नाही. हा आकडाही तसा मर्यादेच्या आतलाच आहे. यंत्र सांगतं तेवढंच सांगते. फोनला टॉवरची हाक ऐकू आली, की तो हळू बोलतो. इथे जाळीत त्याला नीट ऐकू येत नाही. म्हणून तो सगळा जोर लावून हाक मारतोय. पुन्हा पुन्हा."

"वरडतोय?"

"हो."

हौसाने फोन दोन्ही हातांत धरला.

"हे कदी वरडले नायत," ती म्हणाली. "आवाज बारीक यांचा. अंगनातून हाक मारली तरी मला चुलीपासून उठून यावं लागं." तिने डोळे पुसले. "भावेश, काड ती जाळी. खिडकीची तरी काड."

भावेशने एकेक डाग तापवून सोडवला. खिडकी उघडली तेव्हा समोर टॉवर होताच. हौसाने त्याच्याकडे पाहिलं, मग फोनकडे. मनिषाच्या हातातल्या मीटरचा काटा खाली येऊन पडून राहिला. त्या दिवशी ती निघाली तेव्हा भावेश फाटकापर्यंत पोचवायला आला, एवढंच. मोजायचं काम संपलं होतं.

नवव्या दिवशी, प्रयोगशाळेत, तिचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"भावेश बोलतोय. बाबांच्या फोनवरून."

ती खिडकीपाशी गेली. "कुठून बोलताय?"

"आईच्या खोलीतून. काल श्राद्ध झालं. आई दुपारभर अंगणात बसली होती, पानं तिनेच वाढली. आज सकाळी हा फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, कोनी यांना फोन करत नाय, मग तूच कोनाला तरी कर. चांगल्या कामाला कर."

"मग... काय काम आहे?"



"रविवार आला की मी सकाळपासून रस्त्याकडे बघत बसतो. जन्मभर असं बसायचं नाही मला. तुम्ही इथेच राहायला याल? माझ्याशी लग्न करून?"

मनिषाने टेबलाची कड घट्ट धरली.

"एकदाचा आकडा मी धरत नाही," ती म्हणाली.

तो हसला, आणि त्याने पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. तोवर त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता, बहुतेक त्याच्या वडिलांसारखा. तरी तिला अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"हो," ती म्हणाली.