गप्प राहिली की तापते

गुरूच्या युरोपा चंद्रावर, बर्फाखालच्या समुद्रात रेवा बर्डेची एकटीची पाणबुडी-कुपी तळाच्या गाळात रुतली, त्याला सहा तास झाले होते. तिचा आवाज गाळच गिळत होता. तारेवरून वर येत होता तो एकच आकडा: तिच्या आवाज-वर्धकाचं तापमान.

एकसष्ट. पंचावन्न. एकोणपन्नास.

"निवत चाललाय," वर बर्फावरच्या तळाचे प्रमुख भास्कर घुमरे म्हणाले. "कुपी ओढायची म्हणजे तळाची महिनाभराची ऊब जाणार. इथं सतरा माणसं आहेत. वर्धक निवला म्हणजे कुपी मेली, दोर सोडा, असा नियम आहे."

"नियम लिहिला कुणी, सर?" ध्वनी-अभियंता नियती कोळंबकरनं विचारलं.

"मीच. 'ड' वर्गाच्या वर्धकांवरून. ते दिव्याच्या बटणासारखे, चालू-बंद, चालू-बंद. राबले की कोमट, गप्प बसले की गार."

"रेवाचा 'अ' वर्गाचा आहे."

"माहितीये. क्षीणातला क्षीण सूर हुबेहूब उमटायला हवा म्हणून हट्टानं बसवलान तिनं. उधळा मेला."

"उधळाच. बोला नाहीतर बोलू नका, वीज तेवढीच ओढतो. मग कुणी बोलत नसताना ती वीज जाते कुठं?"

"उष्णतेत. सगळी."

"आणि बोललं की?"

"थोडी आवाज होऊन बाहेर पडते."

"तेवढा तो निवतो."

"बॅटरी संपली तरी निवेलच की, बाई."

"म्हणून तिलाच विचारू या. आपला आवाज खाली पोचतोय." नियतीनं माइक ओढला. "रेवा, घसा बसला असेल गं ओरडून. पुरे आता. मी ऐकू येत असेन तर एकदम गप्प बस."

सत्तेचाळीस. सेहेचाळीस. मागं कुणीतरी खुर्ची सरकवली आणि लगेच थांबलं.

सेहेचाळीस.

सेहेचाळीस.

सत्तेचाळीस.

मग एकोणपन्नास. बावन्न. इतक्या काळ्या पाण्याखाली एक बाई तोंड मिटून बसली होती, आणि तिचं ते मुकाट बसणं वर येत होतं, अंशाअंशानं.

घुमऱ्यांनी तळाचे हीटर बंद केले आणि ओढयंत्राचा दांडा खाली दाबला. दोर ताणला गेला.

"तिला सांगा," ते कोट चढवत म्हणाले, "आता बोललीस तरी चालेल."