किल्ली काढली तरी

दिवे गेलेच आहेत, तर रूपेशच्या हळदीची गोष्ट सांगते. बॅटरी इथे मधे ठेवा, म्हणजे एकमेकांची तोंडं दिसतील. लग्नघरातली गोष्ट आहे, घाबरू नका. निदान आत्ताच नको.

रूपेश माझा धाकटा भाऊ. आमचं घर लोधिवलीला, आणि त्याची नवरी तेजश्री कर्जतच्या अलीकडच्या एका गावातली. आमच्याकडे आधी नवऱ्याला हळद लागते, आणि त्यातली उरलेली उष्टी हळद नवरीकडे पोचवतात. ती पोचल्याशिवाय तिकडे नवरीला हळद लावत नाहीत. हे काम माझ्याकडे आलं, कारण घरातले गाडी चालवणारे सगळे पुरुष त्या वेळी बेंजोपुढे नाचत होते आणि थांबायला कुणीच तयार नव्हतं.

गाडी माझीच. रोज खालापूरला बँकेत जाते ती. दीड लिटरचं डिझेल इंजिन, चार सिलिंडर, आणि इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो. अशा इंजिनाचा स्वभाव कळायला वेळ लागतो. खालच्या वेगात ते पेंगत असतं. टर्बो जागा झाला, की पाठीमागून कुणी ढकलल्यासारखी गाडी सुटते. चढाला माणसं भरून न्यायची तर त्याच्यासारखं इंजिन नाही, आणि डिझेल अगदी पुरवून पुरवून पितं. दुखणीही ठरलेली. काजळी साचून धुराचा व्हॉल्व्ह तुंबतो, इंजेक्टर कुरकुरतात, आणि वय झालं, की टर्बोचं सील जातं. माझ्या गाडीचं तेल हल्ली कमी होत होतं आणि सकाळी निळसर धूर यायचा. शिळफाट्याचा आमचा मेकॅनिक येसाजीदादा म्हणाला होता, "लग्न होऊ दे ताई. मग टर्बो बदलून टाकू. तोवर सांभाळून चालव." तशी मी सांभाळूनच चालवत होते.

उन्हं उतरायला लागली तेव्हा निघालो. पुढे माझ्या शेजारी ललिताआत्या. मागे चुलतबहीण समीक्षा, आणि तिच्या डावीकडे बायजाआजी, मांडीवर हळदीचा तांब्या घट्ट धरून. बायजाआजी आमच्याकडची धवलारीण. लग्नातले धवळे तिच्याशिवाय लागत नाहीत. एक गाणारी आणि एक मागून ओळ उचलणारी, अशी ही जोडी असते. आजीच्या मागे तीस-पस्तीस वर्षं धोंडी होती. धोंडी मागच्या पावसाळ्यात गेली, झोपेतच. रूपेशच्या लग्नात गायचं तिने कबूल केलं होतं.

"मागं कोन उचलनार आता?" आजी चौक गावाजवळ म्हणाली. "ही समीक्षा? हिचा आवाज म्हंजे कुकरची शिट्टी."

आम्ही एवढ्या हसलो, की आत्याला उचकी लागली. कर्जतच्या रस्त्याला वळलो तर माथेरानच्या डोंगरामागे सूर्य गेला होता. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची शेतं, मधूनच एखादी वीटभट्टी, तिचा जळका, गोडसर वास. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. समीक्षा तेजश्रीच्या भावाला, मोरूला, फोनवर चिडवत होती, की वरातीत तुला नाचवल्याशिवाय सोडणार नाही.

चढ लागला. मी गिअर खाली घेतला, टर्बोने उचल खाल्ली आणि गाडी झकास वर चालली. मग चढ संपला. मी पाय काढला...

आवाज उतरला नाही.

उलट चढत गेला. मी क्लच दाबला, तर इंजिन किंचाळायलाच लागलं. काटा लाल रेषेपलीकडे. आरशात मागचा रस्ता दिसेना, नुसता पांढरानिळा धूर. ब्रेक दाबून गाडी थांबवली आणि किल्ली फिरवली. दिवे विझले. पंखा थांबला. किल्ली उपसून हातात घेतली... आणि इंजिन तसंच गात राहिलं.

"आगो, बंद कर ना," आत्या म्हणाली.

"केलंय, आत्या." मी किल्ली दाखवली.

असं होतं हे मी ऐकून होते. टर्बोचं सील फुटलं, की इंजिन स्वतःच्याच पोटातलं तेल ओढून पेटवतं. त्याला डिझेल लागत नाही, किल्ली लागत नाही. तेल संपेपर्यंत नाही तर फुटेपर्यंत पळतं, कधी पेटही घेतं. पाचव्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडायचा, म्हणजे दम कोंडून मरतं, असं येसाजीदादाने सांगितलं होतं. तसं केलं. गाडीने हिसका मारला, डावीकडे घसरली आणि रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीला चिकटली. जळक्या क्लचचा वास आला. इंजिन काही मेलं नाही.

"उतरा! सगळ्या उतरा!"

आत्याचं आणि मागे आजीचं, दोन्ही दारं दरडीला लागलेली. ती माझ्या मागोमाग माझ्याच दारातून निघाली. समीक्षा तिच्या बाजूने उतरली. आजी राहिली. तिला गुडघ्यांनी सरकता येईना आणि तांब्या सोडायचा नव्हता. मी मागच्या दारातून अर्धी आत गेले, तिचा दंड धरला. आत धूर भरत होता. बॉनेटचा पत्रा थडथडत होता.

"आजी, तांब्या ठेव आणि सरक!"

"नाय. सांडंल."

मग तिने डोळे मिटले आणि चक्क धवळा लावला. आजी घाबरली की गाते, हे मला तेव्हा कळलं. त्या किंकाळीपुढे म्हातारीचा आवाज तो केवढा. तिची एक ओळ संपली...

आणि कुणीतरी ती उचलली.

मी वळून बघितलं. आत्या आणि समीक्षा पार मागे, रस्त्यापलीकडे, एकमेकींना धरून उभ्या होत्या. तोंडं मिटलेली. आवाज पुढून आला होता. बॉनेटकडून. बाईचा, जरा घोगरा, आणि अगदी मायेचा. कामाच्या घाईतही ओळ नीट पुरी करणाऱ्या बाईचा असतो तसा.

आजीने दुसरी ओळ टाकली. तीही उचलली गेली, आणि इंजिनाचा आवाज एक पायरी उतरला. मी आजीचा दंड ओढायचंच विसरले. तिसरी ओळ. तिच्यामागोमाग पुन्हा तो आवाज... आणि मग इंजिनाने घोट गिळल्यासारखा आवाज केला. उशीत तोंड दाबावं तसा. एकदा थरथरलं आणि थांबलं.

इतकं शांत झालं, की शेतापलीकडच्या वीटभट्टीतली लाकडं तडकताना ऐकू येत होती.

आजीने डोळे उघडले. तिचा चेहरा मला आजही दिसतो. सत्तरी उलटलेली बाई नव्या नवरीसारखी फुलली होती.

"आयकलंस नं?" ती कुजबुजली. "आली बग माझी धोंडी. बोलली व्हती, येनार... आली."

माझ्या अंगावर काटा होता, पण तिच्याकडे बघून मला हसूच फुटलं, आणि हसता हसता रडू. बॉनेटपाशी कुणीही नव्हतं. धूर विरल्यावर रस्ता लांबवर मोकळा दिसत होता. समीक्षा आणि आत्या म्हणाल्या, त्यांनी पण ऐकलं. दोघींना वाटलं, मी गातेय. मी! मला आरतीसुद्धा सुरात येत नाही.

मोरूला फोन केला. तो टेंपो घेऊन आला तो आरडाओरडा करतच. आम्ही चौघी टेंपोच्या हौद्यात बसलो, आजी मधे गादीवर, तांब्यातला एक थेंब न सांडलेला. मांडवात शिरलो तेव्हा तेजश्री पाटावर बसून कंटाळली होती, आणि आम्हाला बघून तिने अशी किंकाळी मारली, की बेंजोवाला थांबला. मग काय विचारता! तिला हळद लागली, आम्हाला लागली, मोरूला पकडून नाकाडोळ्यांत भरली. आजी सगळ्यांना धोंडीची गोष्ट सांगत सुटली. त्या रात्री ती एकटीनेच गायली, पण प्रत्येक ओळीनंतर थोडं थांबायची, कान देऊन, आणि स्वतःशी हसायची. लग्नाच्या दिवशी माझ्या आईने धोंडीच्या नावाने एक साडी आणि नारळ वेगळा काढला. सगळ्यांना ते बरोबर वाटलं. भूत म्हणून कुणी बोललंच नाही. आपली बाई, आपल्या लग्नाला आली, एवढंच.

आठवड्याने येसाजीदादाचा फोन आला. "ताई, जरा येऊन जा."

त्याने टर्बो काढून ठेवला होता. दांडा मोडलेला, सीलचा भुगा झालेला. इंजिनात तेल नावालाही नव्हतं, तरी सिलिंडरवर ओरखडा नाही. "नशीब म्हन," तो म्हणाला. "वेळेवर हवा कोंडली, म्हनून इंजिन थांबलं. पन कोनी कोंडली, ता सांग."

त्याने हवेच्या फिल्टरचा डबा दाखवला. डब्याचे स्क्रू त्याने स्वतः उघडले होते. तोवर चार वर्षांची धूळ त्यांच्यावर जशीच्या तशी होती, म्हणजे मधे कुणी डबा उघडलाच नव्हता. आतला कागदी फिल्टर त्याने उलटा केला. कागदाच्या घड्या चेपल्या गेल्या होत्या आणि तिथे तेलकाजळीत एक पंजा उमटला होता. बाईचा असावा, लहानसा.

"ही बाजू इंजिनाकडची, ताई," येसाजीदादा हळू म्हणाला. "हात बाहेरून नाय लावला. आतून लावलाय."

मी मोबाईलवर फोटो काढला. खरं सांगते, मला आनंदच झाला. तडक बायजाआजीकडे गेले. ती अंगणात वाल सोलत होती. मी म्हटलं, "आजी, बघ, धोंडीआजीचा हात!" तिने पदराला हात पुसले, फोन घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. आधी हसली. मग बोट लावून लावून काहीतरी मोजत बसली.

तिचं हसू गेलं.

"ह्यो उजवा हात हाय नं गं?"

"हो. का?"

"भाताच्या गिरनीत धोंडीची दोन बोटं गेली व्हती. ह्याच हाताची. पोर व्हती तवाच." तिने फोन माझ्या हातात दिला आणि पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला. "हितं पाची हायती..."

वालाच्या शेंगा तशाच पडल्या होत्या. तिने त्या बाजूला सारल्या. मग अगदी खालच्या आवाजात तिने मला विचारलं,

"मंग माज्या मागं गायलं कोन गं?"