चेलोच्या वर्गातला दुसरा विद्यार्थी

तिच्या चेलोची, त्या थोरल्या व्हायोलिनसारख्या वाद्याची, खुंटी सैल झाली नसती, तर ती विद्यापीठाच्या तळघरातल्या दुरुस्तीच्या खोलीत कशाला गेली असती? तिथला कारागीर तिच्याहून चारेक वर्षांनी मोठा, कोपरापर्यंत लाकडाचा भुसा. त्यानं खुंटीला खडू लावला, फिरवून घट्ट बसवली आणि वर पाहिलं… जरा जास्तच वेळ.

"वर्ग बंद होतोय ना तुमचा?"

तिचा चेहरा उतरला. मागच्या सरकारला मोठमोठ्या वाद्यवृंदांची हौस, म्हणून चेलोचा वर्ग निघाला. नव्या सरकारला देशी वाद्यांचा पुळका. परक्या वाद्याला निदान दोन विद्यार्थी दाखवा, नाहीतर वर्गाला कुलूप, असं फर्मान आलं होतं. चेलो शिकणारी ती एकटीच उरली होती, आणि पदवी अजून दोन वर्षं लांब.

"मी नाव घालू?" तो म्हणाला.

"तुम्हाला वाजवता येतो?"

"आठ वर्षं दुरुस्त करतोय. वाजवला एकदाही नाही."

तिला थट्टा वाटली. पण दुसऱ्या दिवशी स्वारी अर्ज घेऊन हजर.

त्याचं वाजवणं काय वर्णावं… सर खिडकीबाहेर बघत बसायचे. ती मात्र रोज अर्धा तास लवकर येऊन त्याचा हात बसवायची.

"वाजवताय की करवत चालवताय?"

"हाताला तीच सवय."

"आणि डोळ्यांना?"

"त्यांना… नवीन लागलीय."

ती एकदम वहीची पानं उलटू लागली.

मग तपासणीस बाई आल्या. "दोघांनी वाजवून दाखवा." त्याला दरदरून घाम फुटला.

"फक्त खालची तार," ती पुटपुटली. "लांब ओढत राहा. बाकी माझ्यावर सोडा."

त्यानं तिच्या हातावर नजर ठेवून एकच सूर धरला, आणि ती त्या सुरावर निवांत वाजवत गेली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, 'विद्यार्थी दोन' असं लिहिलं आणि दारातून वळून म्हणाल्या, "दुसऱ्याला जरा शिकवा."

व्हरांड्यात दोघंच उरली.

"सुटलात तुम्ही," तो म्हणाला. "दोन वर्षांनी पदवी मिळेल. मग माझं काय काम…"

"मी वर्गासाठी लवकर येत होते असं वाटलं तुम्हाला? मला तुम्ही आवडता. चेलो सोडलात तरी आवडाल."

"आणि नाही सोडला तर?"

"तर… जरा कमी," ती म्हणाली, आणि तिनं त्याचा हात धरला.