राहिलेली वीत

लाईट गेली आहे, गल्लीतले माग बंद आहेत, तोवर सांगतो. ती परत आली की या वडगावात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. बसा खाली. रवळू, मोबाईलची बत्ती विझव.

ही गोष्ट परशरामची. माझ्या घरापासून चौथं घर. तुम्ही त्याला रोज बघता. दारू नाही, तंबाखू नाही, भुताखेतांचं नाव काढलं तर अंगावर धावून जाणारा माणूस. त्यानं हे मला एकदाच सांगितलं. मी पदरचं काही घालत नाही.

जानेवारीत तो दुबईला गेला होता. मुलगा मंथन तिथं नोकरीला. सून पूर्णिमा सात महिन्यांची गरोदर. तिच्यासाठी डिंकाचे लाडू, शेंगाची चटणी आणि बेळगावचा कुंदा पोचवायचा, एवढंच काम. आणि एक वस्तू तिनं फोनवर मागितली होती.

"मामा, बायाक्का आत्यांची ती साडी पेटीत हाय न्हवं? तीच आणा. बाळाचं दुपटं तिचंच शिवूया."

"बघतो," परशराम म्हणाला.

त्यानं पेटी उघडली नाही. दुपट्यासाठी आपलीच दोन जुनी धोतरं पिशवीत घातली आणि गेला.

बायाक्का म्हणजे परशरामची थोरली बहीण. बोरगावात दिली होती. नवरा वारला आणि ती भावाकडं परत आली. पुढं परशरामची बायको गेली तेव्हा मंथन चार वर्षांचा होता. त्याला बायाक्कानंच वाढवलं. घरात तिचा हातमाग होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा मारायचा. तिचा डावा पाय अधू. त्यामुळं तिच्या मागाचा आवाज सगळ्या गल्लीत वेगळा होता. खट् खट्... आणि मग उशिरानं तिसरा खट्. कापडातही ते दिसायचं. दोन ओळी घट्ट, तिसरी सैल. व्यापारी नाक मुरडायचा. ती म्हणायची, "माझं कापड हाय, माझ्यागत लंगडणार."

धोट्यातली सुताची कांडी संपली की ती मागं न बघता हात मागं करायची. लहानपणी परशराम त्या हातावर भरलेली कांडी ठेवायचा. एवढंच त्याचं काम, आणि ते तो कधी चुकला नाही.

मंथन सतरा वर्षांचा असताना तिनं त्याच्या होणाऱ्या बायकोसाठी साडी मागावर घेतली. पोरगं कॉलेजात, बायको कुठली! पण तिला घाई होती. छातीत कफ झाला होता. पदर संपायला एक वीत राहिली आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

आपल्यात पुरं न झालेल्या कापडाला कातर लावत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. आणि अमावास्येला मागाला हात लावत नाहीत. परशरामनं दोन्ही एकाच दिवशी केलं. पावरलूम घेऊन टेम्पो दाराशी उभा होता. अमावास्या म्हणून गल्लीतले सगळे रिकामे, उचलायला माणसं मिळत होती. त्यानं साडी कापली, पेटीत टाकली, हातमाग मोडला, खड्डा विटांच्या तुकड्यांनी बुजवून वर काँक्रीट ओतलं.

एका वितीचं काम होतं. फार तर तासाभराचं. परशरामला विणता येत नव्हतं असं नाही. तो स्वतः बसू शकला असता.

बायाक्का चौथ्या दिवशी घरी आली. जमिनीकडं बघत राहिली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "किती ऱ्हायलं हुतं रं?"

"मोजलं न्हाय," परशराम म्हणाला.

त्यानं मोजलं होतं.

अकराव्या दिवशी ती गेली. कॉलेजच्या होस्टेलवरून आलेल्या मंथनला त्यानं सांगितलं, "आत्यानं आपल्या हातानं सोडवली साडी. दम लागत हुता तिला."

पोरानं ते खरं मानलं. पंधरा वर्षं मानलं.

तर दुबई. सतरा जानेवारी, शनिवार. मंथन म्हणाला, "आप्पा, एक रात्र वाळवंटात काढूया. तिथली माणसं पूर्वी कशी ऱ्हायची ते दावत्यात. तंबूत झोपायचं, उंटावर बसायचं."

"पैसे देऊन तंबूत झोपायचं? आपल्या रानात धनगर फुकट झोपत्यात."

"चला तर खरं."

पूर्णिमा घरी राहिली, बापलेक गेले. गाडी वाळूच्या टेकड्यांवरून अशी उड्या मारत गेली की परशरामनं पुढची सीट धरून डोळे मिटले. पोचले तेव्हा दिवस बुडत होता. शेळीच्या केसांचे काळे तंबू. मधे विस्तव. निखाऱ्याखाली वाळूत भाकरी भाजत होते. एक म्हातारा अरब अंगठ्याएवढ्या पेल्यात वेलदोड्याची कॉफी ओतत होता. परशरामनं पेला रिकामा केला की तो परत भरायचा. सात पेले झाले.

"आप्पा, पेला हलवून परत द्यायचा. न्हायतर त्यो ओततच ऱ्हातोय."

"मग आधी सांगायचं की रं! आता रात्रभर डोळा लागतोय व्हय?"

सगळे हसले. म्हाताराही हसला. मोडकंतोडकं हिंदी त्याला येत होतं.

उंट, नाच, गाणी, परशरामनं कशाकडंच नीट बघितलं नाही. तंबूच्या कडेला वाळूत चार खुंट्या ठोकून एक माग आडवा ताणलेला होता. जमिनीलगत. शेळीच्या केसांची काळी पट्टी, अर्धी विणलेली. लोक त्याच्याशेजारी बसून फोटो काढत होते. परशराम उकिडवा बसला. ताण्याच्या दोऱ्यांवरून बोटं फिरवली.

म्हातारा जवळ आला. त्याच्या आईचा माग, म्हणाला. आई जाऊन चार वर्षं झाली. पट्टी हातभर राहिली होती. मालक म्हणतो काढून टाक, नवी लाव, फोटो चांगले येतील. याला ते जमत नाही. तंबूंचा तळ हलला की तो खुंट्या दोऱ्यांसकट उचलतो आणि पुढं ठोकतो.

"पुरं झालं नाही," म्हातारा म्हणाला, "तर कापणार कसं?"

परशराम उठला. 

विस्तवापाशी मंथन म्हणाला, "आप्पा, आत्याची साडीबी अशीच ऱ्हायलीती न्हवं? आणलायसा न्हवं? पूर्णिमा रोज विचारतीया."

परशरामनं काटकीनं विस्तव सारला.

"उंदरांनी खाल्ली," तो म्हणाला.

मंथन उठून तंबूत गेला.

साडेदहाला दिवे घालवले. परशरामच्या घड्याळात बारा वाजले होते. त्यानं घड्याळ बदललं नव्हतं, बेळगावच्याच वेळेवर ठेवलं होतं. बारा वाजून तीन मिनिटांनी इकडं अमावास्या लागली. तुम्ही पंचांग काढून बघा.

तो पडून होता. मंथन घोरत होता. वारा नव्हता. वाळवंटात रात्री काही म्हणजे काही वाजत नाही. कुत्रं नाही. रातकिडा नाही. जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला माणूस. त्याला ती शांतता कानात दुखायला लागली.

मग आवाज आला.

खट् खट्...

त्याला वाटलं, उंटाचा खुंटा असेल.

...खट्.

तो उठून बसला.

खट् खट्... खट्.

जमिनीवरच्या त्या मागाला धोटा नसतो. पावड्या नसतात. तो असा वाजत नाही. हे परशरामला कळत होतं. तरी त्यानं पडदा बाजूला केला.

चंद्र नव्हता. चांदण्यांचा उजेड होता. मागापाशी कोणी बसलं होतं. पाठमोरं. डोक्यावर पदर.

म्हातारा असेल... म्हातारी असेल कोणी...

तो चार पावलं गेला. वाळू थंडगार. आणखी दोन. मग थांबला.

ती वाळूवर बसली नव्हती. वाळूत बसली होती. कमरेपर्यंत. पाय खाली खड्ड्यात सोडल्यासारखे. संध्याकाळी तिथं खड्डा नव्हता.

खट् खट्... खट्.

"आक्का..."

आवाज बंद झाला.

तिनं वळून बघितलं नाही. हात मागं केला. तळवा वर. कांडी मागावी तसा.

परशरामच्या हातात काही नव्हतं.

हात तसाच राहिला.

त्याला पळायचं होतं. मंथनला हाक मारायची होती. किती वेळ गेला... त्यालाही सांगता येत नाही. हात हलला नाही. थकला नाही. मागं न बघता ती वाट बघत होती. लहानपणी बघायची तशीच.

मग तिनं विचारलं. हळू.

"किती ऱ्हायलं हुतं रं?"

...

"वीतभर," परशराम म्हणाला. "वीतभर, आक्का. मोजलंतं मी. मला इणता येत हुतं. मी बसलो न्हाय. मी कापली."

मूठ मिटली. काही मिळाल्यासारखी.

हात पुढं गेला.

खट् खट्...

तिसऱ्या ठोक्याची वाट बघत तो उभा राहिला. उजाडेपर्यंत.

सकाळी म्हाताऱ्यानं त्याला मागापाशी तसंच उभं असलेलं बघितलं. वाळू सपाट होती. म्हाताऱ्याच्या आईची पट्टी होती तेवढीच होती. हातभर राहिलेली.

परशरामनं मंथनला तिथंच सगळं सांगितलं. उंदराचं खोटं, टेम्पो, कातर, अमावास्या. रात्रीचं मात्र नाही सांगितलं. पोरगं ऐकत होतं. घराच्या लिफ्टमध्ये, दार उघडायच्या आधी, एवढंच म्हणालं, "तासाभराचं काम हुतं, आप्पा."

निघायच्या दिवशी पूर्णिमानं पाया पडताना सांगितलं, "जशी हाय तशी पाठवा, मामा. अर्धी असंल तरी."

परशराम वडगावात आला आणि रात्री आठला माझ्या दारात उभा राहिला. "चल," म्हणाला. "पेटी उघडायची हाय. एकट्याला जमंना."

का जमेना विचारलं, तेव्हा त्यानं उंबऱ्यावर बसून हे सगळं सांगितलं. मी हसलो नाही. तो हातमाग मोडला त्या दिवशी एका बाजूनं त्यानं उचलला होता, दुसऱ्या बाजूनं मी. साडी कापताना मी समोर होतो. मी थांब म्हणालो नाही.

रवळू, आता बघ की माझ्याकडं. मघापासून खाली काय बघतोस?

पेटीला कुलूप होतं. किल्ली त्याच्या कमरेच्या करगोट्याला. कुलपावर गंज. पंधरा वर्षांत कुणी काढलं नव्हतं, हे मी डोळ्यांनी बघितलं. वर कडुलिंबाचा पाला, त्याचा भुगा झालेला. खाली साडी. डाळिंबी रंग जरा उतरलेला.

आम्ही दोघांनी ती दोन टोकांना धरून उलगडली. कापलेली कड माझ्या बाजूला आली.

कड नव्हती.

डाळिंबी सूत जिथं संपायला हवं होतं तिथून पुढं काळं विणलेलं होतं. जाड. शेळीच्या केसांचं. मी वीत लावली. बरोबर एक.

मी त्यावरून बोट फिरवलं.

दोन ओळी घट्ट, तिसरी सैल. दोन घट्ट... एक सैल.