घड्याळावरचं दही

दही सुपडूच्या तळहातावर पडलं नाही, मनगटावरच्या घड्याळावर पडलं… काचेवर टप् असा आवाज झाला आणि शारदेला चूक कळली, कारण तळहातावर पडलेल्या दह्याचा आवाज होत नाही. दारात टांगा उभा, भाऊ विलायतेला निघालेला, आणि जाणाऱ्याच्या हातावर दही घालायची एवढीशी रीत, तीही तिच्या हातून धड झाली नाही. क्षणभर तिच्या ओठांवर आलं, सुपडू, मले तुझा हात दिसला नाही रे… पण ते शब्द तिनं गिळले, चमचा वाटीत आपटला आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "सांडलं तर सांडलं. जा आता."

सुपडूनं रुमाल काढून घड्याळ पुसलं. वाकून नमस्कार केला तो फक्त लीलाधरकाकांना.

या भावाला तिनं सुपातून उचललं होतं. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हा जन्मल्याबरोबर त्याला सुपात घातलं, देवाला वाटावं की हे काही फार मोलाचं दिसत नाही. देव फसला. ते सूप धरून उभी होती परकरातली शारदा, त्याची थोरली बहीण, जिजी. पुढं आई गेली, वडील गेले, आणि सुपातला तो जीव तिच्याच पदरात राहिला. आलेली स्थळं तिनं परत पाठवली. मुलगा शिकला, विमानाचं लायसन घेऊन आला, आणि राजपुऱ्याच्या मोहल्ल्यातून आभाळात गेलेला पहिला माणूस हा सुपात टाकून दिलेला निघाला.

पण नुसतं लायसन पुरत नव्हतं. ढगात, काळोखात, बाहेरचं काहीच दिसत नसताना समोरच्या काट्यांकडे पाहून विमान चालवायचं, ते इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण वेगळं घ्यावं लागत होतं. मिलच्या हापिसातून रिटायर झालेले लीलाधरकाका मोहल्ल्यात इंग्रजीचे जाणकार समजले जात. बँडवाल्याच्या पाटीवर इन्स्ट्रुमेंट हा शब्द त्यांनी वाचलेला होता. त्यांनी जाहीर केलं की पुतण्या बाजा शिकायला चालला. आभाळात घाबरलेल्या पाशिंजरांना रिझवायला वैमानिकाला काहीतरी वाजवता यावंच लागतं. शेजारच्या मथुराबाईंना हे फार पटलं. सुपडूनं दोनदा समजावून सांगितलं, मग सोडून दिलं.

हे शिक्षण अलाहाबादलाही होत होतं, विलायतेलाही. विमानकंपनी विलायतेला लगेच पाठवायला तयार होती. अलाहाबादला जागा व्हायला वर्ष लागणार होतं. सुपडू म्हणाला, अलाहाबादच बरं, वर्षभर घरी राहीन, जिजीला एकटं टाकून समुद्रापार कशाला जाऊ.

आणि नेमकं तेच शारदेला नको होतं… खंडव्याच्या डॉक्टरनं तिला काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर येणार नाही, उरलेली वाचवायची तर मुंबईला जा, महिनोन्‌महिने राहावं लागेल, सोबत घरचं माणूस पाहिजे. घरचं माणूस एकच होतं. वर्षभर घरी राहिला असता तर आठ दिवसांत त्याला सगळं कळलं असतं, विमान राहिलं असतं आभाळात आणि सुपडू मिलमध्ये काकांच्या जुन्या खुर्चीवर! त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. काकांनी तीस वर्षं तिच्यावर तिरपं बसून काढली होती. शारदेला ती खुर्ची आठवली आणि तिनं ठरवलं.

जायच्या आदल्या दुपारी, सुपडू पुन्हा अलाहाबादचं बोलायला लागला तेव्हा, जे कोणत्याही बहिणीनं बोलू नये ते ती बोलली. "तुझ्यापायी माझा जन्म गेला रे. तुझ्या तोंडाकडे पाहून पाहून थकली मी. आता मले तुझं तोंड पाहायचं नाही."

सुपडूचा चेहरा पांढरा पडला असेल… तिला वाटलं, पडलाच असेल. दिसला मात्र नाही.

टांगा लालबागच्या स्टेशनाकडे निघाला तेव्हा ती ओट्यावर उभी राहून पदरानं डोळे टिपत हात हलवत राहिली. सुपडूचा टांगा केव्हाच वळला होता. तिनं ज्या टांग्याकडे पाहून हात हलवला त्यात सोनाराकडचे पाहुणे बसले होते. त्या बिचाऱ्यांनीही हात हलवला.

पुढं सुपडूची पत्रं आली ती काकांच्या नावानं. जिजीचा उल्लेख नसायचा. डोळ्यांचं कळवायचं नाही अशी शारदेनं काकांना आईच्या फोटोसमोर शपथ घातली होती, त्यामुळं काका उत्तरात हवापाण्याचं, केळीच्या भावाचं आणि राज्याचं लिहीत. ते दिवसच तसे होते. संस्थानं विरून गेली होती, नकाशे नव्यानं आखले जात होते, नागपूरचं राज्य आता भोपाळचं झालं, घर मात्र तिथंच उभं होतं. शारदेच्या जगाची हद्दही अशीच सरकत सरकत आत आली. आधी गल्ली गेली, मग अंगण, मग तुळस… शेवटी हातातली वाटीसुद्धा परमुलखात गेली. भिंतीवर बोटं टेकत, चुलीची धग गालावर ओळखत, ती घर चालवू लागली. मथुराबाई यायच्या, भाजी निवडून द्यायच्या आणि परत जाताना डोळे पुसायच्या. शारदेला वाटायचं, बाईला सर्दी फार.

शिक्षण संपवून सुपडू आला तो सकाळच्या गाडीनं, न कळवता. जिजीला त्यानं दुरूनच, "आलो," म्हटलं. ती चुलीकडे तोंड करून, "ये," म्हणाली. पाय धुवायला पाणीही मथुराबाईंनी दिलं. एवढ्यात काकांनी अर्धा मोहल्ला ओट्यावर गोळा केला होता, मावा जिलेबी मागवली होती.

"वाजव ना रे काहीतरी," मथुराबाई म्हणाल्या.

"मले वाजवता येत नाही, मावशी."

"विलायतेला जाऊन पण नाही आलं?" त्यांनी सुस्कारा टाकला. काकांनी मान खाली घातली.

सुपडू उठून आत गेला. कोट खुर्चीच्या पाठीवर अडकवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. शारदेला त्याच्या कपड्यांचा आगगाडीतला कोळशाचा वास आला… खुर्चीकडून. ती चहा घेऊन आली, कडेला बोट लावून कप कुठवर भरलाय ते तिनं पुन्हा एकदा पाहिलं, आणि खुर्चीसमोर वाकून म्हणाली, "घे. साखर जास्त टाकली, तुले लागते तशी." कोट काही बोलला नाही. ती थांबली. मग इतक्या दिवसांचा बांध फुटला आणि ती कोटाला म्हणाली, "इतका राग धरला रे भाऊ… एकदा जिजी तरी म्हण."

खिडकीकडून हुंदका आला.

शारदा गर्रकन वळली, कप खाली पडला. सुपडू तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं तिच्या डोळ्यांपुढून हात फिरवला, आणि मग तो लहान मुलासारखा तिच्या पायाशी बसला.

"कधीपासून, जिजी?"

ती खाली वाकून पडलेला कप चाचपू लागली. त्यानं तिची बोटं आपल्या मनगटावर नेली. घड्याळाच्या काचेच्या कडेला दह्याची वाळलेली खपली अजून होती. त्यानं ती रागापायी कधी खरवडली नव्हती. तिकडं शिकवताना डोक्यावर कापडाचं टप ओढत, बाहेरचं सगळं झाकत, आणि मास्तर म्हणत, तुझं अंग तुला खोटं सांगेल, काट्यावर भरवसा ठेव. तो रोज या खपलीकडे पाहायचा आणि त्याचं अंग त्याला सांगायचं, जिजीनं मुद्दाम सांडलं… हा एक काटा तेवढा त्याला वाचता आला नव्हता.

"मी अलाहाबादला थांबलो असतो तर तुले मुंबईला नेलं असतं," तो म्हणाला. "डोळे वाचले असते."

"म्हणून तर," शारदा म्हणाली.

मग तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपलं, कपाळ, नाक, ओली गालफडं, आणि पुटपुटली, "वाळला रे… खायला घालत नव्हते का मेले?"

पुढच्या आठवड्यात तो नागपूरला नोकरीवर हजर व्हायला निघाला; रात्रीचं टपालाचं विमान आता तो चालवणार होता. तिला सोबत चल म्हणून त्यानं पुष्कळ विनवलं; ती म्हणाली, या घरातली प्रत्येक भिंत मले ओळखते, तिथं कोण ओळखेल. मुंबईच्या डॉक्टरला त्यानं पत्रानं विचारलं होतं. उत्तर आलं ते त्यानं तिला सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

दारात ती वाटी घेऊन उभी राहिली. सुपडूनं घड्याळ काढून खिशात ठेवलं. चमचा चौकटीच्या दिशेनं निघाला, हवेत थबकला, आणि जिथं तो थबकला तिथं सुपडूनं गुपचूप तळहात नेला. आवाज झाला नाही.

"बरोबर पडलं?"

"बरोबर, जिजी."

टांग्यात बसताना तो टांगेवाल्याशी काही बोलला आणि स्वतःच पुढं जाऊन पायाखालची घंटी दाबू लागला. टण टण टण… घंटी गल्लीतून निघाली, पाणवठ्यापाशी गेली, कोपऱ्यावर वळली, पुढं दूर दूर लालबागच्या रस्त्यानं जात राहिली, आणि ओट्यावर शारदेचा हात तिच्यामागोमाग बरोबर त्याच दिशेला हलत राहिला.

लीलाधरकाकांनी डोळे पुसले आणि सगळ्या मोहल्ल्याकडे मान वर करून पाहिलं.

"ऐका," ते म्हणाले, "आणि म्हणे येत नाही वाजवता."