एक हजार ऐंशी ओळी

प्रेमात पडलेल्या माणसाला सगळं लख्ख दिसू लागतं. निदान जे कधी पडलेच नाहीत, त्यांचं याबाबतीत एकमत आहे. रीक्का पडली तेव्हा तिला पाचशे शहात्तर ओळी दिसत होत्या, आणि त्याही जरा पुसट.

फिनलंडमधलं तांपेरे शहर, नोव्हेंबर, साल दोन हजार आठ. बाहेर धड पाऊस नाही, धड बर्फ नाही, असं काहीतरी तिरकं पडत होतं. चौथ्या मजल्यावर रीक्का आपल्याच दाराला आतून कान लावून उभी होती. त्या इमारतीची रीतच तशी होती. जिन्यात शेजारी असला तर तो जाईपर्यंत आत थांबायचं, म्हणजे त्यालाही बोलावं लागत नाही आणि आपल्यालाही. सव्वीस वर्षांची होईपर्यंत रीक्काचा अंदाज कधी चुकला नव्हता. त्या दिवशी चुकला. दार उघडलं तर लिफ्टच्या दारात एक अवाढव्य खोकं अडकलेलं, आणि खोक्यामागे, लिफ्टच्या आत, समोरच्या घरातला तार्मो. दोन वर्षांत तिने त्याची फक्त पाठ पाहिली होती. पुढूनही तो बरा होता.

"अडकलंय," तार्मो म्हणाला.

"दिसतंय. किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं."

"मग हाक नाही मारायची?"

तार्मोने यावर प्रामाणिकपणे विचार केला. "कोणाला?"

तिने ओढलं, त्याने ढकललं. तिसऱ्या हिसक्याला खोकं सुटलं आणि तिची बोटं त्याच्या बोटांखाली सापडली. दोघांनी एकदम "माफ कर" म्हटलं, आणि हात मात्र जरा उशिराच काढले. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'फुल एचडी' असं लिहिलेलं होतं.

"नवा टीव्ही," तो म्हणाला. "एक हजार ऐंशी ओळी आहेत याला."

"मोजल्यास?"

"दुकानदार म्हणाला." मग कानापर्यंत लाल होत, पायांकडे बघत, "गुरुवारी… मोजायला ये. कॉफी असेल."

आता रीक्का काम करायची ती शहरातल्या एका मोठ्या दुकानात, केबलच्या काउंटरवर. दिवसाचे आठ तास ती लोकांना एकच गोष्ट सांगायची. व्हिडिओ गेमच्या कन्सोलच्या खोक्यात फुकट येते ती पिवळ्या टोकाची केबल लावलीत, तर हा नवा टीव्ही तुमच्या जुन्या डब्याइतकंच दाखवणार. एचडीएमआय केबल वेगळी घ्या. लोक मान डोलवायचे, घरी जायचे आणि पिवळी केबल लावायचे.

गुरुवारी तार्मोने दार उघडलं. कॉफी होती, दालचिनीचे पाव होते, दोन मोजे एकाच रंगाचे होते. एकूण तयारी बरीच होती. पडद्यावर कन्सोलवरचा आइस हॉकीचा गेम चालू होता. रीक्काची नजर सवयीने टीव्हीच्या मागे गेली. पिवळं टोक.

"दुकानात बर्फावरचा एकेक ओरखडा दिसत होता," तार्मो म्हणाला. "तुला दिसतोय?"

बर्फ कसला, सांडलेलं दूध दिसत होतं. पण तो पडद्याकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. आत्ताच बाहेरून आला असावा. एका पापणीवर थेंब होता.

"लख्ख," रीक्का म्हणाली.

"हो?"

"एकदम."

मग दर गुरुवार हॉकीचा झाला. दुसऱ्या गुरुवारी सोफ्यावर दोघांमध्ये वीतभर अंतर होतं, आणि ते कमी होण्याची लक्षणं होती. तो तिला कंट्रोलरची बटणं दाबून चोरटा पास कसा द्यायचा ते शिकवत होता, ती मुद्दाम शिकत नव्हती.

"अगं, डावीकडे! चकती डावीकडे आहे!"

"मला काय माहीत, तू शेजारी बसून ओरडतोयस."

"मग कुठे बसून ओरडू?"

हा प्रश्न बरा होता, पण तिसऱ्या गुरुवारी त्याने स्वतःच उत्तर दिलं: सोफा सोडून तो खुर्चीवर बसला. चौथ्याला खुर्ची फूटभर पुढे गेली. पाचव्याला तो स्टूल घेऊन पडद्याला नाक लावून बसला, आणि रीक्काच्या वाट्याला पुन्हा ती पाठ आली.

"माझं काही चुकलं का?" तिने पाठीला विचारलं.

"नाही."

"मग इतका पुढे?"

"असंच…"

सहाव्या गुरुवारी त्याने बोलावलंच नाही. शनिवारी खाली इमारतीच्या सूचनाफळ्यावर चिठ्ठी लागली. टीव्ही आणि कन्सोल विकणे आहे, जवळजवळ नवे, कारण गरज उरली नाही, चौथा मजला, तार्मो. रीक्काने ती तीनदा वाचली. 'गरज उरली नाही' हे तिने आणखी दोनदा वाचलं. मग ती दुकानात गेली, आपल्याच काउंटरवरून एक एचडीएमआय केबल घेतली, परत आली आणि समोरची बेल दाबली. त्या इमारतीत न कळवता बेल फक्त आग लागल्यावर वाजवतात.

"आग?" तार्मोने विचारलं.

"नाही. विकू नकोस."

"का?"

"आत येऊ दे, सांगते."

बूट काढून ती सरळ टीव्हीच्या मागे शिरली. समोरासमोर बोलण्यापेक्षा तिथून सोपं होतं.

"ही पिवळी आहे ना," टीव्हीमागून आवाज आला, "हिच्यातून पाचशे शहात्तर ओळीच येतात. बाकीच्या पाचशे चार तुझा टीव्ही मनाने भरतो. मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. केबल विकणं हेच माझं काम आहे. आणि तरी मी लख्ख म्हणाले."

तिने नवी केबल खोचली, कन्सोलने ती ओळखावी म्हणून त्याचं बटण दोनदा बीप होईपर्यंत दाबून धरलं, आणि चित्र आलं. बर्फावर ओरखडे होते. खेळाडूच्या हनुवटीला टाके होते. प्रेक्षकांत एकच टोपीवाला माणूस अकरा वेळा बसला होता.

"म्हणजे," तार्मो सावकाश म्हणाला, "तुलाही तेव्हा धूसरच दिसत होतं?"

"पहिल्यापासून."

तो मटकन स्टुलावर बसला. "मला वाटलं माझे डोळे गेले."

"काय?"

"तू सोफ्यावरून लख्ख म्हणायचीस. मला काहीच दिसायचं नाही. म्हणून फूटफूट पुढे सरकत होतो. रीक्का, मी कागदाच्या कारखान्यात डाग शोधतो. दिवसभर कागद डोळ्यांसमोरून धावतो आणि त्यातला ठिपका मी पकडायचा. सोमवारी वर्षाची डोळेतपासणी आहे. नापास झालो तर गोदामात पाठवतील. हा टीव्ही समोर असला की तेच आठवायचं… बघवेना."

रीक्का टीव्हीमागून बाहेर आली. केसांत धूळ होती. "मी सांगायला हवं होतं."

"मग का नाही सांगितलंस?"

"पाच मिनिटांत केबल बदलून झाली असती. मग पुढच्या गुरुवारी मी कशाला आले असते?"

तार्मोने यावरही प्रामाणिकपणे विचार केला.

"कॉफीला," तो म्हणाला.

तिला हसूही आलं आणि रडूही. त्यातलं हसू तिने बाहेर येऊ दिलं. मग दोघं सोफ्यावर बसली. वीतभर अंतर शिल्लक नव्हतं. कॉफी गार होत होती, अकरा टोपीवाले टाळ्या वाजवत होते.

"आता कसं दिसतंय?" तिने विचारलं.

तो आधी पडद्याकडे आणि मग बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. "लख्ख," म्हणाला. थोडं थांबून, तिच्या केसांतली धूळ चिमटीत काढत, "तळघरातल्या सौनाची, वाफेच्या न्हाणीची, माझी वेळ गुरुवारी सहाची आहे. तुझी सातची."

"हो…"

"घरटी एक तास. सहाव्या मजल्यावरची माणसं दोन वर्षं रांगेत आहेत. आपल्याला एकच पुरेल, नाही का?"

त्या इमारतीत याहून उघड कोणी कोणाला मागणी घातल्याची नोंद नाही. रीक्काने सातची सोडली. तार्मोने खाली जाऊन फळ्यावरची चिठ्ठी काढली.

सोमवारी कारखान्याच्या डॉक्टरांनी तार्मोला चष्मा दिला, दोन्ही डोळ्यांना उणे दीडचा. म्हणजे शनिवारी सोफ्यावरून लख्ख म्हणताना त्यालाही पडदा धूसरच दिसत होता.