मध्ये कोण उभं होतं?

विश्वास ठेवा, नका ठेवू. इंकेरीला त्याने फरक पडत नाही. तिने ती वही अजून जपून ठेवली आहे. वहीत आकडे आहेत, आणि ते तिच्याच हातचे आहेत.

गुरुवार, ११ फेब्रुवारी २०२१. फिनलंडच्या सावो भागातलं तळ्याकाठचं एकटं घर.

वेळ भर दुपारची.

हो, दुपारची. रात्र नव्हती.

दोन वाजता कुओपिओच्या हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉल येणार होता. तिचा धाकटा भाऊ टाउनो तिथे शेवटच्या घटका मोजत होता. संध्याकाळी डॉक्टर त्याला झोपेचं औषध देणार होते... त्यातून तो पुन्हा जागा होणार नव्हता.

बर्फाने रस्ता बंद.

इंकेरीला त्याला एकच गोष्ट सांगायची होती.

नऊ वर्षांपूर्वी वडील, एल्यास, याच घरात गेले. शेवटचे दोन दिवस ते टाउनोलाच हाका मारत होते. तिने त्याला कळवलंच नाही. भांडणाचा राग होता. वर नंतर सांगितलं, "त्यांनी तुझं नावसुद्धा काढलं नाही."

टाउनो पुन्हा कधी या घरी आला नाही.

ते खोटं आज निस्तरायचं होतं. त्याच्या तोंडाकडे बघून.

आणि नेट चालत नव्हतं.

मंगळवारीच शेजारचा ऑइवा खिडकीतून बघून म्हणाला होता, "टॉवर आणि तुझ्या खिडकीच्या मध्ये ते पाइनचं झाड आहे बघ. ओल्या बर्फाने लगडलंय. सगळा सिग्नल गिळतंय."

"मग काप."

"इंकेरी, ते एल्यासचं झाड आहे."

बुंध्यावर कोरलेलं होतं : ए. के. २०१२. दफनभूमीकडून घराकडे येणाऱ्या वाटेवर, एका झाडावर मेलेल्याची अक्षरं कोरायची. तो घरी यायला निघाला तर तिथे स्वतःचं नाव वाचतो... आणि मागे फिरतो. सावोतले जुने लोक हे पाळत. ती अक्षरं ऑइवानेच कोरली होती.

"मेलेल्यांकडेही आता फोनवर नकाशा असेल," इंकेरी म्हणाली. "काप तू."

ऑइवा हसला. थोडंसंच. मग करवत सुरू केली.

झाड पडलं आणि राउटरचे सगळे दिवे हिरवे झाले.

पण गुरुवारी संगणक रांगायला लागला. संगणकाला मागे बोटभर यूएसबी ॲडाप्टर होता, वायफाय पकडणारा. खिडकीतला राउटर धडधडीत चालू, अंतर सहा पावलं, आणि ॲडाप्टरला काही मिळेना. थेट राउटरला जोडायला नेटची केबल घरात नव्हती.

ती वहीत वेळ आणि सिग्नलच्या काड्या लिहू लागली.

१२.४० पाच काड्या
१२.४६ एक
ॲडाप्टर मागून काढून पुढे लावला. पाच!
१२.५३ एक
मायक्रोवेव्हची पिन काढली, चॅनल बदलला. पाच
१.०४ एक
लांब यूएसबी वायर लावून ॲडाप्टर कपाटावर ठेवला. पाच
चार
दोन
एक

जागा बदलली की पाच येत. मग काहीतरी शोधत आल्यासारखं...

एक.

सव्वा वाजता ऑइवा स्कीवरून आला. त्याला सगळ्यातलं कळायचं.

"माणूस म्हणजे पाण्याची पिशवी. पाण्यातून सिग्नल नीट जात नाही. हे बघ." तो राउटर आणि ॲडाप्टरच्या मध्ये उभा राहिला. एक काडी. बाजूला झाला. पाच. "तूच सारखी मध्ये कडमडत असशील!"

"मी खुर्चीतून उठलेले नाही, ऑइवा."

"मग मांजर असेल."

"मांजर कुठंय माझ्याकडे?"

दोघंही संगणकाच्या बाजूला होते. मध्ये रिकामी खोली.

पाच...

एक.

ऑइवाने टोपी काढली.

त्यांनी टेबल ओढत खिडकीपर्यंत नेलं. आता ॲडाप्टर आणि राउटरमध्ये हातभर जागा.

एकच काडी.

तिथली जमिनीची एक फळी पाय पडला की करकरायची. लहानपणापासून. ऑइवाने तिच्यावर पाऊल ठेवलं...

आवाज आला नाही.

आधीच दाबलेली असावी, तसं.

दोन वाजले. कॉल आला. पडद्यावर नुसते चौकोन. नर्सचा आवाज तुटत होता, "दिसतोय का... टाउनो... थकलाय फार..."

इंकेरीने पडद्याकडे पाहिलं नाही. त्या हातभर जागेकडे पाहिलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली. "बाजूला व्हा. मला त्याच्याशी बोलायचंय."

काही क्षण गेले.

फळी करकरली.

पाच काड्या.

चित्र लख्ख झालं. टाउनोचा सुकलेला चेहरा, तोंडावर मास्क, उघडे डोळे. त्याने तिला ओळखलं. मान हलवली.

"टाउनो, मी तुला एक..."

चित्र फुटलं.

तिच्याकडे पाचच्या पाच काड्या होत्या.

"आता आमच्याकडचं गेलं वाटतं," नर्स म्हणाली. "कमाल आहे, राउटर तर दारावरच... टाउनो, अरे मास्क नको काढायला!"

आणि टाउनोचा आवाज आला. अगदी स्पष्ट. तिच्याशी बोलत नव्हता तो.

"हो... कळलं."

"काय कळलं?" इंकेरी ओरडली. "टाउनो! मी अजून काही बोललेच नाही!"

कॉल तुटला.

अडीचला हॉस्पिटलमधून फोन आला. औषध द्यायची वेळच आली नाही.

जमीन मऊ झाल्यावर त्याला वडिलांशेजारी पुरलं. दुसऱ्या दिवशी ऑइवा छिन्नी घेऊन दारात. वाटेवरचं एक सरळ पाइन त्याने हेरून ठेवलं होतं.

"टाउनोची अक्षरं कोरू ना?"

"एवढ्यात नको."

"मग कधी? वाट उघडी आहे, इंकेरी."

"माहितीये मला."

त्याला चार वर्षं झाली. ऑइवा अजून विचारतो. ते पाइन अजून कोरं आहे.

कारण टाउनो यायला हवा. तिचं सांगायचं राहून गेलंय.

आणि त्या दुपारी त्याला कुणाकडून, नेमकं काय कळलं असेल, हे मनात आलं की... ती उठते आणि दाराला आतून कडी घालते.